हाडांचं खातं: बहात्तरच्या दुष्काळापासून गुडघ्याच्या ऑपरेशनपर्यंत

गटाच्या बैठकीत आपण दर महिन्याला वही उघडतो. कुणी किती भरले, कुणी किती उचलले, बाकी किती राहिली, सगळं चार जणींसमोर वाचतो. आज अशाच एका खात्याचा हिशेब मांडायचाय. ते बँकेत नाही, आपल्याच अंगात आहे. ते आहे हाडांचं खातं.

कळंब तालुक्यात आता कुठल्याही गल्लीत जा, एखादी सासूबाई, एखादी आत्या गुडघा धरून बसलेली दिसते. “वाटी बदलायची म्हणलेत डॉक्टर,” असं सांगते. मग घरात पैशाची जुळवाजुळव होते, लेकीला बोलावणं जातं, स्वयंपाक कोण करणार ते ठरतं. एकच गोष्ट विचारायची राहते. नवी वाटी ज्या हाडात बसणार, ते हाड किती घट्ट आहे? भुसभुशीत रानात खुंटा कितीही चांगला ठोकला तरी बैलाच्या एका हिसक्यात उपटतो. हाडाचंही तसंच आहे.

हे हाड भुसभुशीत झालं कसं, ते समजायला थोडं मागं जावं लागेल.

हाडात भर पडते ती लहानपणापासून साधारण तिशीपर्यंत. त्यानंतर नवी शिल्लक फारशी पडत नाही, आहे ती जपायची असते. आता 1972 साल आठवा. त्या वर्षी मराठवाड्यात पाऊस नव्हता. बायाबापड्या दुष्काळी कामावर खडी फोडत होत्या. 1973 च्या उन्हाळ्यात राज्यभरात अशा कामांवर सुमारे 50 लाख माणसं होती. खायला मिलो आणि सुकडी. जनावरं छावणीला नाहीतर बाजारात गेलेली, मग दूध कुठलं? त्या वेळी बारा-पंधरा वर्षांच्या ज्या पोरी होत्या, त्याच आज पासष्टी ओलांडून गुडघ्याच्या ऑपरेशनला निघाल्यात. ज्या वयात खात्यात भर पडायची, त्याच वयात ताटात भाकरी अर्धी होती.

दुसरी गोष्ट उन्हाची. शंभर वर्षांपूर्वी कॅथलीन व्हॉन नावाच्या डॉक्टरबाई काश्मीरमध्ये काम करत होत्या. पडद्यात, बंद घरात राहणाऱ्या बायांची हाडं मऊ पडतात, कमरेचं हाड वाकतं आणि बाळंतपणात जीव जातो, हे त्यांनी पाहिलं. उघड्यावर काम करणाऱ्या बायांना तो त्रास होत नव्हता. 1928 साली त्यांनी यावर पुस्तक लिहिलं. त्याच्या थोडं आधी, 1922 मध्ये, शास्त्रज्ञांनी हाड घट्ट करणाऱ्या घटकाला ‘ड जीवनसत्त्व’ हे नाव दिलं होतं. ते कातडीवर ऊन पडलं की अंगात तयार होतं. तुम्ही म्हणाल, आपल्याकडं उन्हाला काय तोटा? पण 2000 साली दिल्लीत धडधाकट माणसांचं रक्त तपासलं, तर त्यातही हे जीवनसत्त्व कमी निघालं. आपण रानात असतो, पण डोक्यावर पदर, तोंडाला स्कार्फ आणि अंगात नवऱ्याचा लांब बाह्यांचा शर्ट. ऊन अंगाला लागणार कुठं?

तिसरी गोष्ट जास्त दुखरी आहे. अमेरिकेतल्या फुलर अल्ब्राइट नावाच्या डॉक्टरांनी 1940 च्या सुमाराला दाखवून दिलं की पाळी गेल्यावर बाईची हाडं झपाट्यानं विरळ होतात. बीजकोशातून मिळणारं संप्रेरक हाडांची राखण करतं, ते आटलं की राखण सुटते. आपल्याकडं पाळी साधारण 46-47 व्या वर्षी जाते. पण तिसाव्या-पस्तिसाव्या वर्षीच पिशवी काढली असेल तर?

आपल्या तालुक्याला लागूनच बीड जिल्हा आहे. कोयता घेऊन कारखान्याला जाणाऱ्या जोड्या तिकडं आहेत तशा आपल्याकडंही आहेत. पाळीच्या दिवसात खाडा पडला तर मुकादम पैसे कापतो. फडात ना न्हाणी, ना संडास. अंगावरून जाण्याचा त्रास झाला की “पिशवी काढून टाक” हाच सल्ला मिळायचा. 2019 मध्ये हा प्रश्न राज्यभर गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या 82,309 बायांची पाहणी झाली, त्यातल्या 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे दर सहा जणींमागं एक. पिशवीबरोबर बीजकोशही काढले असतील, तर त्या बाईची पाळी त्याच दिवशी कायमची गेली. बीजकोश ठेवले असले तरी ते काही वर्षं लवकर थकू शकतात. त्या बायांच्या हाडांच्या खात्यातून वेळेआधीच पैसे निघायला लागले आणि हे त्यांना कुणी सांगितलंही नाही.

आता ऑपरेशनचा इतिहास बघू. खुब्याचा सांधा बदलण्याची आजची पद्धत इंग्लंडच्या जॉन चार्नली यांनी 1962 मध्ये बसवली. गुडघ्याचा आजच्या धर्तीचा सांधा 1970 च्या दशकात आला. आपल्या राज्यात मुंबईचे डॉ. के. टी. ढोलकिया या कामातले अग्रणी होते. पुण्याचे डॉ. के. एच. संचेती यांनी भारतीय बांध्याला बसेल असा ‘इंडस’ नावाचा गुडघा तयार केला. ऑगस्ट 2017 मध्ये केंद्र सरकारनं कृत्रिम गुडघ्याच्या किमतीला मर्यादा घातली, नेहमीच्या प्रकाराची किंमत कर सोडून 54,720 रुपये ठरली. त्यामुळं हे ऑपरेशन आपल्यासारख्यांच्या थोडं आवाक्यात आलं.

आपल्या जिल्ह्यानं हाडं मोडलेली माणसं एका पहाटेत पाहिली आहेत. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारी-सास्तूरचा भूकंप झाला तेव्हा हाड तपासायला वेळ कुणाकडं होता? आजही म्हातारी न्हाणीत घसरून पडली आणि खुबा मोडला, तर थांबायचं नाही. लवकरात लवकर ऑपरेशन करायचं आणि हाडांचं औषध मागाहून. पण गुडघ्याची वाटी बदलणं हे ठरवून केलेलं काम. तिथं आपल्या हातात दोन-चार महिने असतात. ते वाया घालवू नका.

त्या वेळात डॉक्टरांना काय सांगायचं, ते ऐका. पिशवी काढली आहे का, पाळी कितव्या वर्षी गेली, हे न लाजता सांगा. उभ्या उभ्या पडून मनगट, मणका किंवा खुबा मोडला होता का? उंची कमी झाली आहे का, पाठीला बाक आला आहे का? दुखण्यावर कुणाच्या तरी पुड्या वर्षानुवर्षं खाल्ल्या आहेत का? अशा पुड्यांत कधी कधी स्टिरॉइड असतं आणि ते हाड पोखरतं. पण पुडी एकदम बंद करू नका, डॉक्टरांना दाखवून करा. मिश्री लावत असाल तर तेही सांगा. तंबाखूनं हाड कमकुवत होतं आणि जखम उशिरा भरते.

मग विचारा, “माझ्या रक्तातलं ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम तपासायचं का? हाडांची घनता मोजायची का?” घनता मोजण्याच्या तपासणीला डेक्सा म्हणतात, ती मोठ्या शहरात होते. त्यात उणे अडीच किंवा त्याहून खाली आकडा आला तर हाडं ठिसूळ झाली असं धरतात. ड जीवनसत्त्वाची कमतरता काही आठवड्यांत भरून निघू शकते. हाडं फारच विरळ असतील तर औषध कधी सुरू करायचं, ऑपरेशन थोडं पुढं ढकलायचं का, हे डॉक्टर ठरवतील. काही औषधांच्या आधी दातांची कामं उरकावी लागतात, म्हणून किडका दात लपवू नका. आणि 60,000 युनिटची पुडी आठवड्याला सांगितली असेल तर रोज घेऊ नका. जास्त झालं तर ते मूत्रपिंडाला बाधतं.

ऑपरेशन झालं, बाई चालायला लागली की घरचे म्हणतात, “आता गोळ्या कशाला?” नवा गुडघा हाडांचा आजार बरा करत नाही. विरळ हाड नव्या सांध्याभोवती मोडू शकतं. गोळ्या डॉक्टर सांगतील तोवर चालू ठेवायच्या.

राहिलं ताट. पाळी गेलेल्या बाईला दिवसाला 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. 100 ग्रॅम ज्वारीत ते जेमतेम 25-30 असतं, नाचणीत 340 च्या वर आणि न सोललेल्या तिळात हजाराच्या वर. पेलाभर दुधात साधारण 240. भाकरी सोडायची नाही. तिच्यासोबत तिळाची चटणी वाढा, आठवड्यातून दोनदा नाचणी करा आणि डेअरीला दूध घालताना एक पेला घरच्या बाईसाठी बाजूला ठेवा. सगळं दूध डबड्यात ओतताना आपला पेला मात्र आपण नेहमी विसरतो.

पुढच्या बैठकीत एक काम करा. हप्ते गोळा झाले की प्रत्येकीनं सांगायचं: माझी पिशवी काढली का, कितव्या वर्षी, माझ्या घरात कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय का. आशाताईंना शेजारी बसवा. लपवण्यासारखं त्यात काही नाही. बहात्तरची ती पोर पुन्हा लहान होणार नाही, पण तिच्या खात्यात जे उरलंय ते आपण नक्की राखू शकतो. आणि आज तुमच्या घरात जी बारा वर्षांची लेक आहे, तिच्या ताटात दूध आणि तीळ आजपासूनच पडू द्या.

भेटू पुढच्या आठवड्यात.