उसना जोर

आमच्या एस्टीमच्या आरसी बुकावर नाव बाबांचं आहे. गाडी जास्त चालवायचो मी, तिच्यात पैसे घालायचो मी, कोल्हापूरच्या उद्यमनगरात रविवारचे रविवार घालवायचो मी. तरी कायद्याच्या लेखी मालक बाबाच. या साध्या गोष्टीचा अर्थ मला २०१९ साली कळला. तोवर गाडीचे कंपनीतून आलेले बरेच भाग भंगारात गेले होते.

सांगायची गोष्ट एका गाडीची आहे. पण तिच्यासाठी थोडं मागे जावं लागेल, कारण जुन्या गाडीला जोर चढवायचा हा नाद आमच्या पिढीने काढलेला नाही.

धावपट्टीवरच्या फियाट

मद्रासजवळ शोलावरम नावाचं ठिकाण आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथे विमानांसाठी धावपट्टी बांधली होती. युद्ध संपलं, विमानं गेली, आणि १९५० च्या दशकात त्या पट्टीवर गाड्यांच्या शर्यती सुरू झाल्या. पुढची काही दशकं आपल्या देशातल्या मोटर रेसिंगचं हे मोठं ठिकाण होतं.

सुरुवातीला तिथे श्रीमंतांच्या परदेशी गाड्या पळायच्या. मग आयातीवरची बंधनं घट्ट होत गेली. बाहेरची गाडी आणणं अवघड, तिचे पार्ट आणणं त्याहून अवघड. हाताशी राहिल्या देशात बनणाऱ्या मोजक्या गाड्या: ॲम्बेसेडर, स्टँडर्ड हेराल्ड आणि फियाट ११००.

यातली फियाट आपल्या घरातलीच. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनायची. पुढे तिचंच नाव प्रीमियर पद्मिनी झालं, आणि मुंबईची काळीपिवळी म्हणून आपण तिला ओळखायला लागलो. इंजिन १०८९ सीसीचं. आजची साधी हॅचबॅक तिला चढावर सहज मागे टाकेल. पण रेसिंगच्या लोकांनी याच गाडीचं वजन कमी केलं, कार्बोरेटर बदलले, हेडमधल्या हवेच्या वाटा घासून मोकळ्या केल्या आणि तिला शर्यतीत उतरवलं.

आज मॉडिफिकेशन म्हटलं की आपल्याला हौस दिसते. तेव्हा ती गरज होती. वेगवान गाडी दुकानात विकतच मिळत नव्हती. जी मिळते, तीच वेगवान करायची, एवढाच रस्ता उरला होता. आणि त्यासाठी लागायचा तो इंजिन उघडायला न घाबरणारा मिस्त्री.

मारुती आली, आणि खेळ बदलला

१४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुती ८०० ची चावी ग्राहकाला दिली गेली. ७९६ सीसी, तीन सिलिंडर. मध्यमवर्गाची गाडी म्हणून तिच्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. पण कोइम्बतूरच्या एस. करिवर्धन यांना त्या इंजिनात वेगळंच काही दिसलं. त्यांनी ते वापरून एका माणसाची, उघड्या चाकांची रेसिंग कार तयार केली: फॉर्म्युला मारुती. २००५ साली फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय, नारायण कार्तिकेयन, हाही सुरुवातीला फॉर्म्युला मारुतीच चालवत होता. भाजी आणायला वापरतात त्या गाडीच्या इंजिनाने सुरू झालेला हा रस्ता कुठवर गेला ते बघा.

१९९० साली मारुती १००० आली. दिसायला झोकदार, पण ९७० सीसीच्या मानाने अंग जड. १९९४ मध्ये त्याच अंगात १.३ लिटरचं इंजिन बसलं आणि तिचं नाव झालं एस्टीम. ६५ बीएचपी. मग प्रदूषणाचे नवे नियम आले, कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं, प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह आले, आणि १९९९ च्या सुमाराला हीच गाडी ८५ बीएचपीची झाली. वजन नऊशे किलोंच्या आत. तेव्हाच्या मानाने हा आकडा अंगावर काटा आणणारा होता. धूर कमी करायला निघालेल्या नियमांनी आमच्यासारख्यांच्या हातात एक चपळ गाडी आणून दिली.

नादखुळ्यांना एस्टीम आवडायचं आणखी एक कारण होतं. तिचं इंजिन मोठ्या कुटुंबातलं. जिप्सीत तेच घराणं, व्हर्सात तेच, २००५ च्या पहिल्या स्विफ्टमध्येही तेच. बलेनोचं १.६ लिटरचं इंजिन म्हणजे यांचा थोरला भाऊ. एस्टीमच्या पिस्टनचा व्यास ७४ मिलिमीटर आणि फेरा ७५.५ मिलिमीटर, बलेनोचा व्यास ७५ आणि फेरा ९०. म्हणजे रुंदी जवळपास तेवढीच, उंची जास्त. त्यामुळे एकाचा पार्ट दुसऱ्याला लावून बघण्याचा मोह सगळ्यांनाच. रॅलीवाल्यांनी तो केला, आणि त्यांचं बघून गावोगावच्या पोरांनी.

उद्यमनगरातले रविवार

आमची एस्टीम २००० सालची. बाबांनी २००५ मध्ये सेकंडहँड घेतली. २०१५ ला पंधरा वर्षं झाली, आरटीओत रीतसर पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून घेतली. बाबा म्हणाले, "आता ही तू वापर." मी तेव्हा डिप्लोमा संपवून नुकता नोकरीला लागलो होतो.

कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगतो: शेतीपंपाच्या इंजिनांपासून साखर कारखान्यांच्या यंत्रांपर्यंत वाटेल ते काम करून देणारी ही वस्ती. एका गल्लीत लेथ, दुसऱ्या गल्लीत वेल्डिंग, तिसरीत ओतकाम. आमचे मिस्त्री काका तिथलेच. त्यांनी बोनेट उघडलं, इंजिन चालू करून कान दिला आणि म्हणाले, "मशीन निर्मळ हाय. कशाला हात लावतोस?"

मी हात लावला.

आधी हेडर. कंपनीचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड बिडाचा असतो, आखूड असतो. चारही सिलिंडरचा जळका वायू लगेच एकमेकांवर येऊन आदळतो. त्याऐवजी सारख्या लांबीच्या चार नळ्या वाकवून जोडल्या, की एकाचा वायू बाहेर पडताना दुसऱ्याच्या वायूला ओढून नेतो. मग मोकळा सायलेन्सर. मग कोन फिल्टर. मग हेड उतरवून पोर्ट घासून गुळगुळीत केले. मग स्प्रिंग कापून गाडी दीड इंच खाली बसवली आणि टायर रुंद घातले.

यातला आनंद खोटा नव्हता, हे मला ठासून सांगायचंय. पहिल्यांदा हेडर लावून पन्हाळ्याचा चढ चढलो, साडेचार हजार आरपीएमच्या पुढे गाडीने जो श्वास घेतला, तो आजही छातीत आठवतो. त्याहून मोठा आनंद समजण्याचा होता. डिप्लोमाच्या पुस्तकात कम्प्रेशन रेशो हा शब्द होता. उद्यमनगरात तो माझ्या हाताच्या काळ्या नखांत होता. व्हॉल्व्ह कधी उघडतो, ठिणगी कधी पडते, हे मला आता आवाजावरून कळायचं. विकत घेतलेली वस्तू तोवर फक्त वापरायची असते असं वाटायचं. ती उघडून समजून घेता येते, हे मी त्या गल्लीत शिकलो.

पण बिलही येत होतं. ॲव्हरेज चौदावरून दहावर आलं. मोकळ्या सायलेन्सरने वरचा जोर वाढला, खालचा गेला. गावातल्या गर्दीत सारखा गिअर उतरवावा लागायचा. स्पीडब्रेकरवर पोट घासायचं. एवढ्या खाली बसलेल्या सीटवरून आजीला उठता येईना, तिने जोतिबाला आमच्या गाडीतून यायचं बंद केलं. दोन वर्षांत माझे लाखभर रुपये गेले. गाडीची बाजारातली किंमत तेव्हा साठ हजारही नव्हती.

शेवटी हेडला फेस मारून घ्यायचं ठरवलं. हेडचा तळ मशीनवर किंचित कापला की वरची जागा लहान होते, पेट्रोल आणि हवा जास्त दाबली जाते, स्फोट जोरात होतो. काकांनी मोजून कापलं. मी म्हणालो, अजून थोडं. त्यांनी हातातलं फडकं बाजूला ठेवलं. "जोर काय फुकट येत न्हाई, पोरा. कुठनं तरी उसना आणाय लागतोय. आन मग फेडाय बी लागतोय."

काम त्यांनी केलं, कारण हट्ट माझा होता.

करूळ घाट

मे २०१८. मालवणहून परत येत होतो. आई, बाबा, बहीण, आणि खूप विनवण्या केल्यावर आजी. वैभववाडी सोडून करूळ घाटाला लागलो. दुपारचे दोन, एसी चालू, पाच माणसं, डिकीत आंबे.

चढाला इंजिनातून खडखड यायला लागली, डब्यात खडे हलवल्यासारखी. मला ती ओळखता यायला हवी होती. जास्त दाबलेलं, जास्त तापलेलं मिश्रण ठिणगी पडून नीट जळण्याऐवजी मध्येच आपोआप भडकतं, ते नॉकिंग. मोकळ्या रस्त्यावर, हलक्या गाडीत ते जाणवलं नव्हतं. भरल्या गाडीने घाटात दाखवून दिलं. मी थांबायला हवं होतं. पुढच्या वळणावर थांबू, असं म्हणत राहिलो. तापमानाचा काटा वर गेला, बोनेटखालून वाफ आली आणि गाडी गप्प झाली. हेड गॅस्केट गेलं होतं.

एका बाजूला दरी, मागे ट्रक हॉर्न देतायत. वळणावर दगड मांडून आम्ही आजीला सावलीत बसवलं. ती म्हणाली, "गाडीला ताप आलाय व्हय?" कुणी हसलं नाही. बाबा मला एक शब्दही बोलले नाहीत. टोइंगवाला यायला तीन तास लागले. ते तीन तास मला सगळ्यात महाग पडले.

मालक कोण?

पुढच्या जानेवारीत, २०१९ मध्ये, केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळं होईल असा बदल गाडीत करता येणार नाही. त्याच वर्षी कायदा दुरुस्त झाला. परवानगी नसलेला बदल केला तर मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

मालकाला. मी बदल मोजले. प्रत्येक बदल माझा होता, आणि नाव बाबांचं. विम्याचंही तसंच, न कळवलेले बदल असले तर दावा नाकारला जाऊ शकतो, आणि तो दावाही बाबांच्या नावाने.

मित्रांच्या ग्रुपवर त्या निकालाला शिव्या पडल्या. मलाही आधी राग आला. शोलावरमच्या त्या माणसांना कुणी अडवलं नव्हतं, मग आम्हालाच का? पण त्यांची गाडी धावपट्टीवर पळायची. माझी घाटात पळत होती, मागे ट्रक आणि आत आजी. आपल्याकडे मोठे रेस ट्रॅक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि कोल्हापूरहून चेन्नई काय, कोइम्बतूर काय, सगळे लांब. त्यामुळे हा खेळ रस्त्यावर येतो, आणि रस्त्यावर समोरून येणाऱ्याने त्यात भाग घ्यायचं कबूल केलेलं नसतं.

२०२० ची नोंदणी जवळ आली तेव्हा गाडी मूळ रूपात आणायची ठरवली. लावण्यापेक्षा काढणं अवघड गेलं. बिडाचा जुना मॅनिफोल्ड मी किलोवर विकला होता. तसलाच शोधायला सांगलीपासून पुण्याच्या जुन्या बाजारापर्यंत फिरलो. एस्टीमचं उत्पादन २००७ मध्येच थांबलेलं. शेवटी हेडसकट मिळाला, एका अपघातातल्या गाडीचा. तुम्ही कधी गाडीवर हात चालवलात, तर माझी एकच विनंती: काढलेला पार्ट फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवा.

इंजिन पुन्हा बसवताना मी काकांशेजारी उभा होतो. आता प्रत्येक नट का तिथे आहे, कंपनीच्या इंजिनिअरने कुठे हात आखडता घेतला आणि का, हे मला कळत होतं. भरली गाडी, मे महिना, खराब पेट्रोल, घाट, हे सगळं त्याने आधीच धरून ठेवलं होतं. मी ज्याला त्याचा भित्रेपणा समजत होतो, ती शिल्लक होती. माझा उसना जोर मी तिथूनच उचलला होता.

२०२५ मध्ये गाडीला पंचवीस वर्षं झाली. ऑगस्टपासून वीस वर्षांवरच्या कारच्या नोंदणीची फी दहा हजार झाली होती. मी भरली, बाबांनी सही केली. गाडी कंपनीची आहे तशी आहे, फक्त होसपाइप नवे, रेडिएटर नवा, ब्रेक ठणठणीत. आजी पुन्हा जोतिबाला तिच्यातूनच येते.

हेडर मात्र माळ्यावर आहे. बाबा अधूनमधून विचारतात, "ते भंगार कधी विकणार?"

मी म्हणतो, "बघू."