तसबिरीभोवतीची बैठक

छायाचित्र चारचौघांत मांडून त्यावर बोलण्याची चाल आपल्याकडे जुनीच. मुंबईत 1854 साली छायाचित्रकारांची संस्था निघाली, डॉ. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी तिच्या सभासदांत होते. पण ती बैठक जाणत्यांची. धान पिकवणाऱ्याला तीत कोण बसवणार?

1975 साली आमच्या नवेगावबांधला राष्ट्रीय उद्यान झाले. त्याच वर्षी अमेरिकेत कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन यांनी डिजिटल कॅमेरा जुळवला. वजन साडेतीन किलोंच्या वर, आणि एक चित्र फितीवर उतरायला 23 सेकंद!

तीस वर्षांनी तसलेच यंत्र माझ्या खिशात मावू लागले. श्रावणात गोंदियाजवळच्या एका बांधीत सारसाची जोडी टिपली आणि तिथेच बांधीच्या मालकाला पडद्यावर दाखवली. मी पक्ष्यांच्या तांबड्या मानेचे कौतुक करीत होतो. म्हातारबोवा कोपऱ्यातले गवत न्याहाळत होते.

“पाखरं त बरोबर आहेत जी, पण घरटं ह्या गवतात आहे. तिकडं जाऊ नका.”

माझ्या भिंगाला ते दिसले नव्हते.

महाराष्ट्रात सारस उरला तो मुख्यतः याच जिल्ह्यात. चित्राची तारीख यंत्र सांगते. अर्थ सांगतो तो जमिनीचा धनी. आज घरोघरी अशी शेकडो चित्रे संगणकात मुकी पडली आहेत, आणि त्यांना बोलते करणारे एकेक करून उठून जात आहेत. या दिवाळीत ती घेऊन त्यांच्या ओसरीवर बसावे. इतिहास तिथेच लिहिला जाईल.