विहीर कोणाची, रांजण कोणाचा: क्लास व्हेरिएबलचा छोटा इतिहास

आजचा भाग क्लासवर. ऑब्जेक्टवर नाही, खुद्द क्लासवर. क्लासपाशी ठेवलेली माहिती कोणाची, आणि ती बदलायची कोणी?

आमच्या मुलचेऱ्याचंच उदाहरण घेतो. २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. त्याआधी हा सगळा भाग चंद्रपूर जिल्ह्यात होता. समजा, 'चंद्रपूर' हा क्लास आहे आणि प्रत्येक तालुका म्हणजे त्याचा एक ऑब्जेक्ट. तालुक्याचं नाव ऑब्जेक्टपाशी राहील. मुख्यालय मात्र सगळ्यांचं एकच, म्हणून ते क्लासपाशी. आता उदाहरणापुरतं 'गडचिरोली' हा चंद्रपूरचा सबक्लास करू आणि त्यात मुख्यालय बदलू. चंद्रपूरचं तेच राहिलं पाहिजे ना? ते भाषेवर अवलंबून आहे, आणि इतिहास इथेच सुरू होतो.

ऑस्लोमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड यांनी सिम्युला ६७ घडवली. तिचा पाया अल्गोल ६० चा. तिच्यात क्लासची स्वतःची अशी सामायिक जागा नव्हती. सामायिक वस्तू बाहेरच्या ब्लॉकमध्ये ठेवायची, क्लासला ती तिथून दिसायची.

मग झेरॉक्स पार्कमधली स्मॉलटॉक आली. तिथे सगळंच ऑब्जेक्ट, म्हणून क्लासही ऑब्जेक्ट. स्मॉलटॉक-८० ने प्रत्येक क्लासला त्याचा मेटाक्लास दिला, आणि दोन सोयी वेगळ्या केल्या. क्लास व्हेरिएबल म्हणजे एकत्र कुटुंबाची विहीर: सबक्लासलाही तीच. क्लास इन्स्टन्स व्हेरिएबल म्हणजे ज्याच्या त्याच्या घरचा रांजण.

युकिहिरो मात्सुमोतो यांच्या रुबीत (१९९५) हे दोन्ही आहेत. नावापुढे दोन ॲट चिन्हं लावली की विहीर. क्लासच्या अंगात एकच ॲट लावलं की रांजण. म्हणजे दोन ॲट वापरून गडचिरोलीत मुख्यालय बदललं, तर चंद्रपूरचंही बदलतं. एरर येत नाही. राजुऱ्याच्या दाखल्यावर 'गडचिरोली' छापलं जातं, आणि माणूस भलत्याच कचेरीच्या दारात उभा राहतो.

मग रांजण वापरा. पण बाहेरून त्यात हात घालता येत नाही, ॲक्सेसर लागतो. इथे आणखी एक मेख आहे: 'ॲट्र ॲक्सेसर' ही ओळ क्लासमध्ये नुसती लिहिली तर ॲक्सेसर ऑब्जेक्टला मिळतो, क्लासला नाही. तीच ओळ 'क्लास, डावीकडे वळलेले दोन बाण, सेल्फ' या ब्लॉकमध्ये लिहावी लागते. आणि रांजण वारशाने भरून मिळत नाही, सबक्लासमध्ये तो रिकामाच असतो. २०१० मध्ये आलेल्या रेल्स ३ मधल्या 'क्लास ॲट्रिब्यूट'ने यावर तोड काढली: स्वतःचं नसेल तर थोरल्या घरचं वाचा, बदलाल ते मात्र तुमच्यापुरतं.

म्हणून क्लासपाशी काही ठेवण्याआधी एवढंच विचारा: धाकट्याने बदललं तर थोरल्याचंही बदलायला हवं का? उत्तर 'हो' असेल तरच विहीर खणा.

भेटू पुढच्या भागात.