धावपट्टीवरची नावे

इंडोनेशियन भाषेत विमानतळाला ‘बांदारा’ म्हणतात. ‘बांदार उदारा’ या दोन शब्दांचा हा संक्षेप. त्यातील ‘उदारा’ म्हणजे हवा, आणि ‘बांदार’ म्हणजे आपल्या मराठीतले ‘बंदर’च. मूळचा फारसी असलेला हा शब्द व्यापाऱ्यांच्या गलबतांबरोबर कोकणच्या किनाऱ्याला लागला तसाच मलाक्काच्या सामुद्रधुनीतही पोचला. सतरा हजारांहून अधिक बेटे असलेल्या आणि पूर्व-पश्चिम सुमारे पाच हजार किलोमीटर पसरलेल्या देशाने विमानतळाला ‘हवेतले बंदर’ म्हणावे, हे स्वाभाविकच आहे. जलमार्गाने जो देश शतकानुशतके जोडला गेला, त्याने आकाशमार्गाची कल्पनाही त्याच शब्दांत केली.

या देशातील आडबाजूच्या विमानतळांवरून प्रवास करताना एक गोष्ट लक्षात येते. इमारत बहुधा बसस्थानकाएवढी असते. बारा-पंधरा आसनांच्या विमानासाठी सामानाबरोबर प्रवाशाचेही वजन केले जाते. दोरीने बांधलेली खोकी, तांदळाची पोती, औषधांच्या पेट्या एकाच रांगेत असतात. मात्र दारावरची पाटी या साधेपणाशी फटकून वागते. तिच्यावर एखाद्या सुलतानाचे, बंडखोराचे, वैमानिकाचे किंवा वीरांगनेचे नाव असते. तेरनाते येथे पोर्तुगिजांना १५७५ मध्ये हुसकावून लावणारा सुलतान बाबुल्लाह; अंबोन येथे १८१७ मध्ये डचांविरुद्ध उठलेला आणि त्याच वर्षी फासावर गेलेला पात्तिमुरा; आचेच्या पश्चिम किनाऱ्यावर डचांशी झुंजत राहिलेली आणि १९०८ मध्ये हद्दपारीत वारलेली चुत न्याक धियन. प्रवासी घाईत असतो, तो पाटी वाचत नाही. आमच्या मते ती वाचली पाहिजे, कारण या प्रजासत्ताकाने आपला इतिहास क्रमिक पुस्तकांइतकाच धावपट्ट्यांवरही लिहून ठेवला आहे. तो कोणी, कोणासाठी आणि कोणत्या अधिकाराने लिहिला, हा प्रश्न त्या पाट्यांपाशीच उभा राहतो.

जावा बेटावरील तीन नावांपासून आरंभ करू. योग्यकर्ताचा विमानतळ आदिसुचिप्तो यांच्या नावाचा, मलांगचा अब्दुलरहमान सालेह यांच्या नावाचा आणि सोलोचा आदि सुमार्मो यांच्या नावाचा. तीन शहरे, तीन विमानतळ. परंतु ही तिन्ही माणसे एकाच विमानात, एकाच दुपारी मरण पावली. ते विमान भारतीय नोंदणीचे होते.

जुलै १९४७ मध्ये डचांनी नवजात प्रजासत्ताकावर लष्करी कारवाई सुरू केली. तिला त्यांनी ‘पोलिसी कारवाई’ असे सोज्ज्वळ नाव दिले होते. प्रजासत्ताकाचे समुद्रमार्ग डच नौदलाने रोखले होते, तेव्हा बाहेरच्या जगाशी संबंध उरला तो आकाशातूनच. नेहरूंच्या सांगण्यावरून ओडिशाचे बिजू पटनाईक यांनी त्याच महिन्यात स्वतः डकोटा विमान नेऊन सुतान शाहरीर यांना डचांच्या नजरेतून बाहेर काढले. शाहरीर दिल्लीला आले, आणि पुढे संयुक्त राष्ट्रांपुढे त्यांनी आपल्या देशाची बाजू मांडली. पटनाईकांच्याच कलिंग एअरलाइन्सचे ‘व्हीटी-सीएलए’ हे डकोटा विमान २९ जुलै रोजी मलायाच्या रेडक्रॉसने दिलेली औषधे घेऊन सिंगापूरहून योग्यकर्ताकडे येत होते. मागुवोच्या धावपट्टीवर उतरण्याच्या बेतात असतानाच डच लढाऊ विमानांनी ते पाडले. विमानातील नऊ जणांपैकी एकच वाचला. वैमानिक ऑस्ट्रेलियन होता, सहवैमानिक ब्रिटिश आणि यंत्रज्ञ भारतीय.

मृतांपैकी आदिसुचिप्तो यांनी ऑक्टोबर १९४५ मध्ये लाल-पांढरी निशाणी रंगवलेले विमान सर्वप्रथम उडवले होते. अब्दुलरहमान सालेह हे शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक आणि आकाशवाणीच्या संस्थापकांपैकी एक. आदि सुमार्मो हे बिनतारी यंत्रणेचे जाणकार. औषधे आणणाऱ्या त्या विमानात एका राष्ट्राचे वैमानिकी, वैद्यकी आणि संदेशवहन असे तिन्ही आरंभ एकत्र बसले होते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. मागुवोच्या धावपट्टीला पुढे आदिसुचिप्तोंचे नाव मिळाले. २०२० मध्ये योग्यकर्ताची बहुतेक वाहतूक किनाऱ्यावरच्या नव्या, प्रशस्त विमानतळाकडे गेली आणि आदिसुचिप्तो पुन्हा लहानशा विमानांचे स्थानक झाले.

दुसरी कथा आचेची, आणि तिचाही एक धागा भारतात येतो. जून १९४८ मध्ये सुकार्नो आचेला गेले आणि त्यांनी तेथील लोकांकडे प्रजासत्ताकासाठी विमान मागितले. व्यापाऱ्यांनी पैसे दिले, स्त्रियांनी दागिने काढून दिले. त्या निधीतून घेतलेल्या डकोटाला आचेतील ज्वालामुखी पर्वतावरून ‘सेउलावाह’, म्हणजे सोन्याचा डोंगर, असे नाव ठेवण्यात आले. डिसेंबर १९४८ मध्ये हे विमान दुरुस्तीसाठी कलकत्त्याला आले असतानाच डचांनी योग्यकर्ता जिंकून घेतले. सरकार कैदेत, राजधानी शत्रूच्या हाती आणि देशाचे विमान परदेशात, अशी स्थिती झाली. तेव्हा त्या मूठभर वैमानिकांनी विमान ब्रह्मदेश सरकारला भाड्याने दिले. २६ जानेवारी १९४९ रोजी रंगूनमध्ये ‘इंडोनेशियन एअरवेज’चे काम सुरू झाले आणि त्या मिळकतीवर स्वातंत्र्यलढ्याचा काही खर्च भागला. त्याच सुमारास नेहरूंनी इंडोनेशियाच्या प्रश्नावर दिल्लीत आशियाई परिषद भरवली होती आणि डच विमानांना भारताचे आकाश बंद केले होते.

सेउलावाहची प्रतिकृती बांदा आचे येथील मैदानात आज उभी आहे. ज्या प्रांताने आपले सोने मोडून केंद्राला विमान दिले, त्याच प्रांतात १९७६ पासून केंद्राविरुद्ध सशस्त्र लढा चालला. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने प्रांताचा किनारा धुऊन नेल्यावर, २००५ मध्ये हेलसिंकीच्या कराराने तो थांबला. त्सुनामीनंतर मेउलाबोह येथे मदत घेऊन सर्वप्रथम पोचणाऱ्यांत सुसी पुजियास्तुती या मासळीच्या व्यापारी बाईंची लहान विमाने होती. पंगांदरानची ताजी कोळंबी जकार्ताला पोचवण्यासाठी घेतलेली ही सेस्ना विमाने! त्यातूनच त्यांची विमानसेवा उभी राहिली आणि शाळा अर्धवट सोडलेल्या या बाई २०१४ ते २०१९ या काळात देशाच्या सागरी व्यवहार आणि मत्स्योद्योग मंत्री झाल्या. आज आडबाजूच्या अनेक धावपट्ट्यांवर त्यांचीच विमाने उतरतात.

पूर्वेकडे वळले की धावपट्ट्यांचे वय आणि जन्मकथा बदलतात. बियाक, मोरोताई, सेंतानी येथील धावपट्ट्या ना सुलतानांनी बांधल्या, ना प्रजासत्ताकाने. बियाकची मोकमेर धावपट्टी जपान्यांनी केली आणि १९४४ मध्ये रक्तरंजित लढाईनंतर अमेरिकनांनी घेतली. मोरोताईवर अमेरिकनांनी त्याच वर्षी फिलिपिन्सच्या चढाईसाठी धावपट्ट्या उभारल्या. सेंतानीजवळ जनरल मॅकआर्थरचे मुख्यालय होते. परक्यांच्या युद्धासाठी प्रवाळाचा चुरा पसरून केलेल्या या पट्ट्या युद्ध संपल्यावर मागे राहिल्या आणि पुढे नकाशावर विमानतळ म्हणून नोंदल्या गेल्या. बियाकला तर काही काळ जगाचे भान होते. डच काळात आम्स्टरडॅमहून विमाने येथे येत. १९८० आणि १९९० च्या दशकांत गरुडाची विमाने होनोलुलु-लॉस एंजलिसच्या वाटेवर येथे थांबत. साडेतीन किलोमीटरची ती धावपट्टी अजूनही आहे. परंतु ती सेवा केव्हाच बंद पडली.

पश्चिम न्यू गिनी १९६३ मध्ये इंडोनेशियाकडे आली. तिच्या अंतर्भागात रस्ते नव्हते. बालियेम खोऱ्यातील दाट वस्ती बाहेरच्या जगाला कळली तीच मुळी १९३८ मध्ये, रिचर्ड आर्चबोल्ड यांच्या विमानातून. १९५० च्या दशकात मिशनऱ्यांच्या छोट्या विमानांनी डोंगरउतारांवर गवताच्या धावपट्ट्या तयार केल्या. नंतर ‘मेरपाती’ आली. मेरपाती म्हणजे कबूतर. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या या सरकारी कंपनीने तोट्याचे मार्ग सरकारी अनुदानावर चालवले. या फेऱ्यांना ‘परिंतिस’, म्हणजे वाट पाडणाऱ्या, असे म्हणतात. भार असह्य होऊन मेरपाती २०१४ मध्ये जमिनीवर आली. पण परिंतिस फेऱ्या इतरांच्या विमानांतून चालूच आहेत. त्या थांबल्या तर डोंगरातल्या बाजारात सिमेंटचे पोते, मीठ आणि रॉकेल परवडणार नाही, शिक्षक पोचणार नाही, अडलेली बाळंतीण खाली येऊ शकणार नाही.

या सेवेचे मोल कमी लेखणे अन्यायाचे ठरेल. १६ ऑगस्ट २०१५ रोजी सेंतानीहून ओक्सिबिलला निघालेले विमान डोंगरावर आदळून ५४ जण मृत्युमुखी पडले. त्या विमानात टपाल खात्याचे कर्मचारी गरीब कुटुंबांसाठीची सुमारे साडेसहा अब्ज रुपियांची रोख मदत घेऊन चालले होते. राज्यसंस्था नागरिकापर्यंत पोचण्यासाठी केवढी जोखीम पत्करते, हे यावरून दिसते. परंतु ज्या पट्टीवर तांदूळ उतरतो त्याच पट्टीवर सैनिकही उतरतो. पापुआच्या डोंगरातील माणसाला राज्य ही गोष्ट या दोन्ही रूपांत एकदमच भेटली. धावपट्टीवर गोळीबार होतो, विमान जाळले जाते, तेव्हा त्या कृत्याचे समर्थन करता येत नाही, पण त्याचे मूळ कळू शकते.

येथेच नावांचा प्रश्न पुन्हा येतो. बियाकच्या विमानतळाला फ्रान्स कैसिएपो यांचे नाव आहे. ते बियाकचेच सुपुत्र. १९४६ च्या मालिनो परिषदेत त्यांनी न्यू गिनीसाठी ‘इरियन’ हे नाव सुचवले, पुढे ते तेथील गव्हर्नर झाले आणि १९९३ मध्ये त्यांना राष्ट्रवीर घोषित करण्यात आले. जकार्ताच्या दृष्टीने पापुआ आपला आहे, याचा तो नामरूप पुरावा होता. सेंतानीची गोष्ट निराळी. या विमानतळाला आता दोर्तेइस हियो एलुआय यांचे नाव दिलेले आहे. १९६९ मध्ये पापुआचे भवितव्य ठरवण्यासाठी जे हजाराहून थोडे अधिक प्रतिनिधी निवडले गेले होते आणि ज्यांनी एकमुखाने इंडोनेशियाला कौल दिला, त्यांत एलुआय होते. पुढे तेच पापुआच्या स्वातंत्र्याच्या मागणीचे पुढारी झाले. १० नोव्हेंबर २००१ रोजी, म्हणजे इंडोनेशियाच्या ‘वीरदिनी’च, लष्कराच्या विशेष दलाच्या समारंभाहून परतताना त्यांचा खून झाला. त्या दलाच्या काही सैनिकांना २००३ मध्ये शिक्षा झाली. पण त्यांतील सर्वांत मोठी शिक्षाही साडेतीन वर्षांची होती.

ज्या माणसाला राज्याच्या सैनिकांनी मारले, त्याचे नाव राज्याच्या विमानतळावर झळकते. याचा अर्थ कसा लावावा? त्यात प्रायश्चित्ताचा अंश आहे, असे मानण्याकडे आमचा कल होतो. स्थानिक माणसाला त्याचा पुरुष त्याच्या दारावर परत मिळाला, हेही खरे. परंतु नाव देणे ही स्वीकाराची खूण असते तशी गिळंकृत करण्याचीही असते. पात्तिमुरा आणि चुत न्याक धियन डचांविरुद्ध लढले. त्यांना राष्ट्रवीर म्हणण्यास जकार्ताला काहीच मोजावे लागले नाही. एलुआय यांचे भांडण मात्र जकार्ताशीच होते. त्यांचे नाव पाटीवर आले, त्यांची मागणी आली नाही. त्यांची समाधी त्याच सेंतानीत, विमानतळापासून जवळच आहे. वामेना-ओक्सिबिलकडे निघालेला शिक्षक आणि नेमणुकीवर आलेला शिपाई, दोघेही तिच्याजवळून जातात आणि त्याच पाटीखालून आत शिरतात.