लुडविक फ्लेक: प्रयोगशाळेत घडलेलं तत्त्वज्ञान

आजच्या युक्रेनमधल्या ल्विव शहरात १८९६ साली जन्मलेले लुडविक फ्लेक पेशाने सूक्ष्मजीवशास्त्राचे डॉक्टर होते. १९३५ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथे निघालेल्या त्यांच्या जर्मन पुस्तकाच्या केंद्रस्थानी आहे उपदंश ओळखणारी वासरमान रक्तचाचणी. ऑगस्ट फॉन वासरमान आणि सहकाऱ्यांनी १९०६ साली ती सुरू केली, तेव्हा उपदंशग्रस्त अर्भकाच्या यकृताचा अर्क अत्यावश्यक मानला जाई. पुढे निरोगी अवयवांचा, अगदी बैलाच्या हृदयाचा अर्कही चालतो असं आढळलं आणि मूळ गृहीतक कोसळलं. आधी जेमतेम पंधरा-वीस टक्के रुग्णांत लागू पडणारी चाचणी मात्र सत्तर-नव्वद टक्क्यांपर्यंत गेली. अनेक प्रयोगशाळांनी द्रावणांची प्रमाणं बदलत, निकाल कसा वाचायचा हे ठरवत ती कामाची केली. या सुधारणेवर कुणा एकाचं नाव घालता येत नाही. नंतरच्या आठवणींत खुद्द वासरमान यांनाही शोधाची ही वाकडी वाट सरळ दिसू लागली. म्हणून फ्लेक म्हणतात की ज्ञान विचारसमूहाचं, म्हणजे मिळून विचार करणाऱ्या माणसांचं असतं, आणि काय दिसावं हे त्या समूहाची विचारशैली, म्हणजे पाहण्याची घडलेली सवय, ठरवते.

मग रोग ही बहुमताची बाब ठरते का? उपदंशाचा जंतू तर १९०५ सालीच शाउडिन आणि होफमान यांनी दाखवला होता. आक्षेप वजनदार आहे, पण फ्लेक यांनी वास्तव नाकारलेलंच नाही. मनमानी विचार जिथे अडतो तिथे वस्तुस्थिती, असं ते मानत. याचा सर्वांत कठोर पुरावा बुखेनवाल्डच्या नाझी छळछावणीत मिळाला. टायफसची लस बनवायला जुंपलेल्या सुशिक्षित कैद्यांना सशांच्या फुफ्फुसांत नसलेले जंतू दिसत होते, आणि एकमेकांच्या दुजोऱ्याने त्यांची खात्री वाढत होती. आउशविट्झहून तिथे आणलेल्या फ्लेक यांनी चूक ओळखली, कारण त्यांची नजर टायफसचा वर्षानुवर्षं अभ्यास करणाऱ्या दुसऱ्या समूहात तयार झाली होती. ही चूक नाझींना कळू दिली नाही; त्यांना निरुपयोगी लस जात राहिली. खरी लस थोडी बनली, ती कैद्यांसाठी. एकमत झालं तरी निकामी लस गुणकारी होत नाही, आणि ते कळायलाही घडवलेली नजर लागते: फ्लेक यांच्या म्हणण्याच्या या दोन्ही बाजू इथे एकत्र दिसतात. १९४६ साली त्यांनी हा अनुभव लेखात मांडला.

१९६१ साली इस्रायलमध्ये ते वारले. पुढच्याच वर्षी विज्ञानाचे इतिहासकार थॉमस कून यांनी वैज्ञानिक क्रांत्यांवरच्या आपल्या गाजलेल्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्यांचं ऋण मान्य केलं; फ्लेक यांच्या पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर यायला मात्र १९७९ उजाडलं. कून यांच्या क्रांत्या क्वचित घडतात. प्रयोगशाळेतल्या रोजच्या, संथ बदलांविषयी फ्लेकच जास्त शिकवतात.