गाडीचा सात-बारा

आपल्याकडे गावच्या जमिनीचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सात-बारा कुणाच्या नावावर आहे?" इथे ब्रिटनमध्ये जुन्या मोटारीचा विषय निघाला की तितक्याच सहजपणे विचारतात, "लॉगबुक आहे का?" या दोन कागदांत साम्य बरंच आहे. सात-बारा हा मुळात महसुलाचा कागद, मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. लॉगबुकाचंही तसंच. आजच्या व्ही ५ सी या कागदावर स्पष्टच छापलेलं असतं की हा मालकीचा पुरावा नाही; गाडी सांभाळणारा, म्हणजे 'कीपर', कोण एवढंच तो सांगतो. आणि दोन्हीकडे अनुभव एकच, की वस्तू डोळ्यांसमोर उभी असली तरी कागद हरवला की ती जणू नाहीच!

हे सारं आठवायचं कारण म्हणजे, साठ-सत्तरच्या दशकांत या देशात आलेल्या आपल्या मंडळींपैकी अनेकांची पहिली गाडी मॉरिस मायनर, ऑस्टिन किंवा फोर्ड कॉर्टिना होती. बहुतेक गाड्या केव्हाच भंगारात गेल्या. पण एखादी अजून कुणाच्या गराजमध्ये ताडपत्रीखाली उभी असते. मुलं म्हणतात विकून टाका, नातवंडं म्हणतात चालवू या. चाळीस वर्षं रस्त्यावर न आलेली अशी गाडी कायदेशीरपणे पुन्हा रस्त्यावर आणता येते का? येते. मात्र वाट कोणती घ्यायची हे कळायला या देशाच्या मोटार-नोंदणीचा इतिहास थोडा माहीत हवा.

मोटारीला इथे मोकळा रस्ता मिळाला तो १४ नोव्हेंबर १८९६ रोजी. त्याआधी घोड्याविना चालणाऱ्या वाहनाला वाफेच्या इंजिनाचे नियम लागत. वेग गावाबाहेर ताशी चार मैल, गावात दोन मैल! १८९६ च्या कायद्याने हलक्या मोटारींना त्या जाचातून सोडवलं. पण धूळ उडवत, घोडे बुजवत जाणारी मोटार नेमकी कुणाची हे ओळखायचं कसं? म्हणून १९०३ चा मोटार कार कायदा आला आणि १ जानेवारी १९०४ पासून प्रत्येक मोटारीला नंबर लावणं सक्तीचं झालं. वेगमर्यादा ताशी २० मैल झाली आणि चालकाला पाच शिलिंगांचा परवाना घ्यावा लागू लागला.

नंबर देण्याचं काम लंडनच्या सरकारकडे नव्हतं, ते होतं काउंटी आणि मोठ्या शहरांच्या कौन्सिलांकडे. लंडनला 'ए' हे अक्षर मिळालं, लँकेशायरला 'बी', बर्मिंगहॅमला 'ओ', आणि आज आपल्या गुजराती शेजाऱ्यांनी गजबजलेल्या लेस्टर शहराला 'बीसी'. प्रत्येक कौन्सिलचा कारकून जाडजूड वहीत नंबर, मोटारीचा प्रकार आणि धन्याचं नाव-पत्ता लिहून ठेवी. आपल्या तलाठ्याच्या दप्तरासारखंच!

१९२० च्या रोड्स कायद्याने त्यात कराची भर पडली. १९२१ पासून काचेवर कराची गोल चकती आणि घरात लॉगबुक आलं. या घडीच्या पुस्तिकेत इंजिन व चॅसी नंबर, रंग, आणि मालक बदलत गेले तशी एकाखाली एक नावं लिहिली जात. थोडक्यात, फेरफारांसह उताराच म्हणा ना. मोटार दुसऱ्या काउंटीत गेली की तिची फाइलही तिकडे पाठवली जाई.

वाहनं वाढली तशी ही गावोगावची दप्तरं पुरी पडेनात. सगळा कारभार एका ठिकाणी, संगणकावर आणायचं ठरलं आणि वेल्समधल्या स्वान्सी इथे केंद्र उभं राहिलं. १९७४ पासून नव्या गाड्यांची नोंद तिथे होऊ लागली. जुन्या गाड्यांच्या नोंदी टप्प्याटप्प्याने हलवल्या गेल्या. ज्याची गाडी चालू होती त्याला अडचण आली नाही, कारण कर भरताना लॉगबुक दिलं की नवा कागद मिळे. प्रश्न आला तो बंद गाड्यांचा. ज्यांचा कर भरला जात नव्हता त्या गाड्यांच्या मालकांनी स्वतः होऊन कळवायचं होतं, आणि नोव्हेंबर १९८३ अखेर हे दार बंद झालं. कुणी परदेशी होतं, कुणी आजारी, कुणी गेलं होतं, कुणाला ती सूचनाच दिसली नाही. त्या गाड्यांना नंबर होता, लोखंडी पाटीवर तो रंगवलेलाही होता, पण देशाच्या दप्तरी तो उरला नाही.

आणि कौन्सिलच्या जुन्या वह्या? काही ठिकाणी त्या काउंटीच्या अभिलेखागारात जपल्या गेल्या, काही ठिकाणी सरळ नष्ट झाल्या. वाचलेल्यांपैकी पुष्कळ दप्तर ड्रॉइटविच इथल्या किटहेड ट्रस्टने सांभाळलं आहे. म्हणजे तुमच्या गाडीचं भाग्य पुष्कळदा यावर ठरतं, की पन्नास वर्षांपूर्वी कुण्या अनोळखी कारकुनाने एक वही रद्दीत टाकली की कपाटात ठेवली.

जुन्या गाड्यांच्या क्लबांनी हा प्रश्न लावून धरला आणि त्यातून आजची व्यवस्था रुजली. तिच्यात गाडीची अवस्था कोणती यावर पुढची वाट ठरते.

गाडी स्वान्सीच्या संगणकावर असेल आणि फक्त कागद हरवला असेल, तर काम सोपं आहे. व्ही ६२ अर्ज भरून नवा व्ही ५ सी मागवायचा. संगणकावर नसेल, पण जुना नंबर आपलाच असल्याचा पुरावा असेल, तर व्ही ७६५ आणि व्ही ५५/५ हे दोन अर्ज. इथे खरी मेख आहे. नुसता नंबर दाखवणारा कागद पुरत नाही. तो नंबर आणि गाडीचा चॅसी नंबर यांची सांगड घालणारा कागद लागतो. जुनं लॉगबुक असेल तर उत्तम, नाहीतर अभिलेखागारातल्या वहीचा प्रमाणित उतारा. मान्यताप्राप्त क्लब कागद आणि गाडी तपासतो, शिफारस करतो, आणि निर्णय स्वान्सीचा. मिळालेला नंबर मात्र दुसऱ्या गाडीला देता येत नाही. ही अट उगीच नाही. वर्षाचं अक्षर नसलेल्या जुन्या नंबरांना बाजारात चांगली किंमत येते, आणि गंजक्या सांगाड्यावर हक्क सांगून नंबर विकून टाकायचा मोह पडणारे इथेही आहेत.

नंबराचा पुरावाच नसेल तर क्लबने किंवा उत्पादकाच्या दप्तराने वर्ष सिद्ध करायचं, मग त्या काळाला शोभेल असा नंबर मिळतो. मॉरिस, ऑस्टिन, एमजी अशा गाड्यांची कारखान्यातली नोंद गेडन इथल्या ब्रिटिश मोटर म्युझियममधून प्रमाणपत्राच्या रूपात मिळवता येते. वय आणि कुळ काहीच सिद्ध न झाल्यास 'क्यू' अक्षराचा नंबर, तोही तपासणीनंतर. आणि भंगारवाल्याने नष्ट केल्याचा दाखला एकदा काढला असेल, तर हात जोडायचे.

नंबरानंतर प्रश्न उरतो गाडीच्या प्रकृतीचा. १९६० साली इथे एमओटी तपासणी सुरू झाली, ती दहा वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी. १९६७ मध्ये ही अट तीन वर्षांवर आली. २० मे २०१८ पासून चाळीस वर्षांहून जुन्या आणि मोठे फेरबदल न केलेल्या गाड्यांना त्यातून सूट आहे. रस्ता-करही अशा गाड्यांना माफ आहे, पण शून्य पौंडांचा का होईना, कर नोंदवावा लागतोच! विमा तर हवाच. तोपर्यंत गाडी घराच्या आवारात 'सॉर्न' म्हणून, म्हणजे रस्त्याबाहेर असल्याचं जाहीर करून ठेवायची. आणि सूट असली तरी एकदा तपासून घ्यावी हे बरं. चाळीस वर्षं उभ्या गाडीचे ब्रेक, ब्रेकचे होज आणि टायर यांच्यावर कागदाच्या भरवशाने विश्वास टाकू नये. धोकादायक गाडी चालवल्यास २,५०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि जिवाची किंमत वेगळीच.

आपल्या मुंबईत वयाचा न्याय उलटा होता. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी नव्याने करावी लागते. तरी जुलै २०२१ मध्ये भारतानेही पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी वेगळा नियम केला. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. आधी नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. म्हणजे म्हाताऱ्या गाडीलाही तिची ओळख असते, हे आता दोन्ही देशांना पटलेलं आहे.

यातून आपण घ्यायचं ते एवढंच. पहिल्या पिढीच्या घरात कपाटं आवरायची वेळ येते तेव्हा जुनी एमओटी प्रमाणपत्रं, कराच्या चकत्या, गराजच्या पावत्या सर्वांत आधी रद्दीत जातात. तसं करू नका. गाडी कधीच गेली असली तरी कागद ठेवा; तिची आजची कीपर कदाचित तेच शोधत फिरत असेल. आणि गाडी अजून दारात असेल, तर ज्यांनी ती घेतली त्या आजी-आजोबांना आजच विचारा, कुठून घेतली, केव्हा, कितीला आणि नंबर कोणत्या कौन्सिलचा. अभिलेखागारातली वही कदाचित सापडेलही, पण त्यांच्या आठवणीचा प्रमाणित उतारा नंतर कुठल्याच कचेरीत मिळणार नाही.