युवराजला झाला होता तो कॅन्सर : बीजपेशींच्या गाठी आणि मायक्रोआरएनएचा नवा उपाय कुठवर आलाय?

२०११ चा वर्ल्डकप गाजवणाऱ्या युवराज सिंगच्या छातीत दोन फुप्फुसांच्या मधे गाठ निघाली होती. अनेकांना तो फुप्फुसाचा कॅन्सर वाटला. प्रत्यक्षात ती बीजपेशींची गाठ होती. ज्या पेशींपासून शुक्राणू आणि स्त्रीबीज तयार होतं, त्या बीजपेशी. बाळ पोटात असताना त्या आपल्या जागी सरकत जातात, काही वाटेतच अडकतात असं मानलं जातं. म्हणून अशी गाठ छातीत, माकडहाडाजवळ, मेंदूतही होते. पण जास्त करून ती वृषणात, म्हणजे अंडाच्या गोळीत होते, आणि तीही १५ ते ४० वयाच्या तरण्याताठ्या पोरांना. मुलींना अंडाशयात होते.

हा कॅन्सर बरा होणारा आहे. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाचे डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांनी १९७४ साली सिस्प्लॅटिन हे औषध इतर औषधांबरोबर वापरून पाहिलं आणि चित्रच पालटलं. २०१२ मध्ये युवराजवर उपचार झाले ते त्यांच्याच देखरेखीखाली. मात्र सिस्प्लॅटिनने कान, किडनी आणि नसांना इजा होऊ शकते, आणि काही रोग्यांचा आजार त्यालाही दाद देत नाही. म्हणून नवा उपाय शोधणं चालू आहे.

मायक्रोआरएनए म्हणजे पेशीतला अगदी लहान, साधारण २२ अक्षरांचा धागा. शेताला दारं धरणारा माणूस जसा कुठल्या वाफ्याला पाणी सोडायचं, कुठलं बंद करायचं ते बघतो, तसा हा धागा कुठलं प्रथिन कमी बनवायचं ते ठरवतो. १९९३ मध्ये तो एका बारक्या अळीत सापडला. त्या शोधाला २०२४ चं नोबेल मिळालं.

बीजपेशींच्या कॅन्सरमध्ये ३७१ ते ३७३ आणि ३०२ या क्रमांकांचे मायक्रोआरएनए फार वाढतात. गर्भाच्या सुरुवातीच्या पेशींत ते चालू असतात, मोठ्या माणसात जवळपास बंद. उलट लेट-७ नावाचा, गाठीला आवर घालणारा धागा कमी पडतो. त्यामुळे दोन वाटा निघतात : वाढलेल्यांना चिकटून बंद पाडणारं औषध द्यायचं, नाहीतर कमी पडलेला लेट-७ बाहेरून पुरवायचा. प्रयोगशाळेतल्या पेशींवर असे प्रयोग झालेत, दवाखान्यात हे औषध मिळत नाही. औषध नेमकं गाठीपर्यंत पोचवणं हीच खरी अडचण. दुसऱ्या कॅन्सरांसाठीच्या अशाच एका औषधाची चाचणी २०१६ मध्ये गंभीर दुष्परिणामांमुळे थांबवावी लागली. तेव्हा आज कोणी 'मायक्रोआरएनएचं इंजेक्शन देतो' म्हणून पैसे मागितले तर देऊ नका.

रक्ततपासणी मात्र बरीच पुढे गेलीय. २०१९ च्या जर्मनीतल्या अभ्यासात ३७१ क्रमांकाच्या तपासणीने वृषणाच्या १०० पैकी सुमारे ९० गाठी ओळखल्या. 'टेराटोमा' प्रकारात ती चुकते.

गोळी कडक लागली, सुजली, जड वाटली आणि दुखत नसेल तर 'पाणी भरलंय' म्हणून वर्षभर अंगावर काढू नये. लाज बाजूला ठेवून सोनोग्राफी करावी. गाठीत सुई टोचू देऊ नये; ऑपरेशन जांघेतून होतं. लहानपणी गोळी खाली न उतरलेल्यांना धोका जास्त. केमोआधी वीर्य साठवून ठेवता येतं का, हेही डॉक्टरांना विचारावं, कारण नंतर मूल होण्याला अडचण येऊ शकते.